दूध पोचलं, त्याविषयी थोडंसं

आदरणीय व्याहीबुवा यांस,

तुमच्या लेकीच्या सासऱ्याचा मनापासून नमस्कार. पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे सुखरूप आहेत. दुपारची वेळ आहे, तुमची-माझी नात माझ्या शेजारी पालथी झोपली आहे आणि माझ्या सदऱ्याची डावी बाही तिच्या मुठीत आहे, त्यामुळे कागद धरायला हात उरलेला नाही. अक्षर तिरकं आलं तर ते वयामुळे आलं असं समजू नये. तुमचा गुडघा काय म्हणतो? विहीणबाईंचा खोकला उतरला का? आणि गोठ्यातली मंडळी कशी आहेत? ती काळ्या कपाळाची, जिने गेल्या वेळी शेपटीने माझा चष्मा काढून ठेवला होता. ती एका शिंगाची म्हातारी, जी तुमच्याशिवाय कुणाला धार काढू देत नाही. आणि ती नवी तांबडी, जिचं बाळंतपण जवळ आलं होतं. प्रत्येकीची मी मुद्दाम वेगळी चौकशी करतो आहे, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात त्यांच्यापैकी कुणाचाही काडीचा दोष नाही, हे आधी नमूद झालेलं बरं. (पुढे काय लिहिणार आहे ते पुढेच लिहीन. घाई करू नये.)

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? तर व्याहीबुवा, फोनवर तुम्ही बोलता आणि आम्ही ऐकतो. मागे धार काढायचं यंत्र धडधडत असतं, तुम्ही त्याच्यावर आवाज चढवता, आणि तुमचा आवाज चढला की आमच्याकडून 'हो'शिवाय दुसरा शब्द निघत नाही. तुमच्या लेकीने ही गोष्ट तुम्हाला फोनवर सांगायचा पुष्कळदा प्रयत्न केला. दार लावून आत जायची, घसा साफ केल्याचा आवाज यायचा, आणि मग आम्हाला बाहेर ऐकू यायचं, "हो आप्पा. छान आहे दूध. हो, साय येते. हो, पाठवा ना." बाहेर आली की आमच्याकडे न बघता कपडे घड्या करायला घ्यायची. चष्म्याच्या दुकानात दिवसभर परक्या माणसांना "तुमचा नंबर वाढलाय" असं तोंडावर सांगणारी मुलगी, पण बापाच्या बाबतीत पाचावर धारण बसते. शेवटी म्हणाली, "बाबा, तुम्हीच लिहा. तुम्हाला शब्द सापडतात." माझा मुलगा म्हणाला, "सापडतात खरे, पण ठेवतात कुठे ते त्यांना आठवत नाही." (लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून भाषेविषयी मत घेऊ नये असं मला वाटतं, पण तो माझाच मुलगा असल्याने बोलत नाही.)

तुम्हाला ठाऊकच आहे, दोघंही कामावर गेली की फौजदार माझ्या ताब्यात असतात. (तुम्ही तिला राणीसाहेब म्हणता, पण कमरेवर हात ठेवून ती घरात तपासाला निघाली की आम्हाला फौजदारच सुचतं.) मी निवृत्त माणूस. सारा जन्म हवामान खात्यात आकाशाकडे बघण्यात गेला. आठ भागांपैकी किती भाग ढगांनी झाकला आहे हे वहीत लिहायचं, यासाठी सरकार मला पगार देत असे, हे आजही मला पुरतं खरं वाटत नाही. तर ही नजर मला इथे उपयोगी पडली. तिचं वर्ष उलटलं, आईचं दूध सुटलं, आणि तुमच्या डेअरीचं दूध पेल्यात आलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी तिला मांडीवर घेतलं आणि आमच्या प्राथमिक शाळेतली गाईची कविता म्हणू लागलो. काय ते दिवस होते, व्याहीबुवा! दुपारी कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप फळ्यावर पडायची, बाई डस्टरने टेबलावर ठेका धरायच्या आणि सगळा वर्ग एका सुरात गाईला हाक मारायचा. शेवटच्या ओळीला आम्ही सगळे इतके जोरात ओरडत असू की शेजारच्या वर्गात गणित चुकायचं. ती कविता म्हणताना आजही माझ्या जिभेवर कोमट दुधाची चव येते, आणि वास्तविक त्या वयात मला दूध मुळीच आवडत नसे. हे कवितेचं सामर्थ्य. असो. मी शेवटच्या ओळीपर्यंत पोचायच्या आत फौजदारांच्या हनुवटीवर लाल ठिपके उमटले. आकाश निरभ्र होतं, बघता बघता दोन भाग झाकलं. पेला संपेतो पाच भाग. मग डोळे सुजले आणि प्यायलेलं सगळं माझ्या धोतरासारख्या पांढऱ्या लेंग्यावर परत आलं.

आम्हाला आधी वाटलं, कविता फार मोठ्याने म्हटली. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. एकदा तर मी नुसता चहा पिऊन तिचा पापा घेतला, आणि गालावर माझ्या मिशांच्या आकाराचं पुरळ उठलं. (तेव्हापासून मी मिशा साबणाने धुऊनच नातीजवळ जातो. निवृत्तीनंतर माझ्या दिनक्रमात पडलेली ही एकमेव नवी भर.) मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "आजोबा, हिला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी आहे."

झालं. लिहिलं. आता तुम्ही खुर्चीतून उठला असाल तर गुडघ्याकडे लक्ष द्या आणि परत बसा. मी डॉक्टरीणबाईंना ताबडतोब सांगितलं की हे दूध ऐरंगैरं नाही, आमच्या व्याह्यांच्या गोठ्यातलं आहे, याला जी फॅट लागते ती पंचक्रोशीत कुणाला लागत नाही. त्या म्हणाल्या, "दूध उत्तमच असेल हो. हिच्या अंगाला ते शत्रू वाटतं, एवढंच. कुणाचंही असतं तरी वाटलं असतं." मी म्हणालो, मग म्हशीचं? त्यांनी मान हलवली. शेळीचं? मान पुन्हा तशीच हलली. अंगाला हे सगळे एकाच घराण्यातले वाटतात म्हणे. मी म्हणालो, आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं. यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी खात्यात असताना, सहलीला निघालेल्या लोकांना पावसाचा अंदाज सांगितला की त्यांच्या डोळ्यांत पाहत असे. मात्र जाताना त्यांनी एक चांगली गोष्ट सांगितली, ती अधोरेखित करतो: बरीच मुलं मोठी होता होता यातून बाहेर पडतात. काही महिन्यांनी त्या स्वतः, त्यांच्या देखरेखीखाली, पुन्हा पाहणार आहेत. तोवर घरात प्रयोग नाही. "एक चमचाभर देऊन बघू" हे वाक्य तर या घरातून हद्दपार झालं आहे.

मग दुधाऐवजी काय, हा प्रश्न आला. तुम्ही कधी मोठ्या दुकानातल्या त्या कपाटासमोर उभे राहिला नसाल, आणि राहूही नये. पांढऱ्या खोक्यांची भिंत असते, आणि प्रत्येक खोक्यावर पांढऱ्या द्रवाची एक लाट उसळताना काढलेली असते. बदामाचं दूध, ओटचं दूध, सोयाबीनचं, तांदळाचं, नारळाचं. मी गळ्यात पिशवी अडकवून बराच वेळ तिथे उभा होतो. माझ्या मनात एकच विचार येत होता, की यांतल्या एकालाही कान नाहीत. हाक मारली तर वळून कोण बघणार? सूनबाई मात्र खोकी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचत होती. तिचा धंदाच तो. "यात साखर आहे. हे ठेवा. यात कॅल्शियम घातलेलं नाही. हे पण ठेवा. बाबा, तुम्ही लाटा बघू नका, मागे बघा." डॉक्टरीणबाईंनी तिला पढवून पाठवलं होतं: तांदळाचं एवढ्या लहान मुलांना दुधाच्या जागी द्यायचं नाही, बदामाचं आणि नारळाचं म्हणजे नावाला दूध, त्यात वाढत्या पोराला पुरेल असं फारसं काही नाही, ओटचं बरं, पण प्रथिनं कमी, आणि हिच्यासाठी सगळ्यांत जवळचं ते सोयाबीनचं, बिनसाखरेचं, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं वरून घातलेलं. तरी मी प्रत्येकाचं एकेक खोकं स्वतःसाठी म्हणून आणलं आणि नातीच्या आधी आपण चव बघायची असं ठरवलं. बदामाचं मला भांडं विसळलेल्या पाण्यासारखं लागलं, फक्त भांडं श्रीमंताघरचं. नारळाचं पिऊन केसांना तेल लावल्यासारखं वाटलं. ओटचं मात्र आवडलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

घोटाळा असा, की मला वाटलं हे तर घरीच करता येईल. ओट भिजवले, मिक्सरमध्ये घातले, आणि बटण दाबण्यापूर्वी झाकण लावायचं असतं ही गोष्ट मला बटण दाबल्यानंतर आठवली. (स्वयंपाकघराचं छत आठापैकी सहा भाग झाकलं गेलं.) उरलेलं मी मलमलच्या रुमालातून गाळलं. रुमाल धुतलेला होता, हे सूनबाईला पुनःपुन्हा सांगावं लागलं. जे गाळलं गेलं ते शेवाळलेल्या पाटातल्या पाण्यासारखं तार धरत होतं. मी त्याला घरगुती, सात्त्विक आणि ताजं म्हणालो. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "आजोबा, यात कॅल्शियम कोण घालणार?" मग ते मीच पिऊन टाकलं. ओटवर मी दोन ओळीही रचल्या होत्या, पण ओटला यमक जुळवताना शेवटी 'ओठ' वापरावा लागला, आणि असलं यमक आमच्या बाईंनी तांबड्या शाईने कापलं असतं.

सोयाबीन राहिलं. फौजदारांनी पहिला घोट घेतला, विचार केला, आणि तो मला परत दिला, थेट चष्म्यावर. तेव्हा माझ्या लक्षात आलं की चूक पेयाची नाही. गाईमागे उभ्या शाळेचा कोरस आहे, वासरं आहेत, गळ्यातल्या घंटा आहेत. सोयाबीनमागे कुणी नाही. बिचारं निराधार. म्हणून मी त्याला कविता करून दिली. वाचून हसू नये:

सोया सोया शेंगेत राहतो,
शेंगेत बसून पाऊस पाहतो;
पेल्यात येतो होऊन ढग,
फौजदार, आता पिऊन बघ!

'बघ' म्हटलं की तोंड उघडतं. अगदी प्रत्येक वेळी. चार ओळींना एक घोट, या हिशोबाने एक पेला संपेपर्यंत माझा घसा बसतो, पण पेला संपतो. पुरळ नाही, सूज नाही. आकाश निरभ्र आहे.

आता तुमच्या दुधाचं. तुमचा टेम्पो रोज सकाळी येतच होता. ड्रायव्हर कॅन खाली ठेवून विचारायचा, "राणीसाहेब घेतात ना दूध? मालक विचारतात." मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी म्हणायचो, "घरात थेंबसुद्धा उरत नाही." हे अक्षरशः खरं होतं, कारण ते मी पीत होतो. ड्रायव्हरने तुम्हाला जाऊन सांगितलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात दूध दुप्पट झालं. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. तुम्ही पुन्हा वाढवलंत. तुमचा आनंद मला कॅनच्या वजनावरून कळत होता, व्याहीबुवा, आणि म्हणूनच ताकास तूर लागू देणं मला जमलं नाही. समोरचे निवृत्त हेडक्लार्क, खालचा शिंपी, वरच्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई, सगळ्यांना मी वाटू लागलो. जिन्यात लोक मला दूधवाले आजोबा म्हणतात. परवा टेम्पोला उशीर झाला तर गाण्याच्या बाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "अहो, आज काय झालं? माझा चहा खोळंबलाय!" माझे सगळे लेंगे आखूड झाले आहेत, मुलगा म्हणतो आखूड नाही, अरुंद.

आणि मग तुमचा फोन आला: रविवारी राणीसाहेबांचा दुसरा वाढदिवस, मी स्वतः येणार, तांबडीचं पहिलटकरणीचं दूध घेऊन, आणि सगळ्यांसमोर माझ्या हाताने पेला पाजणार. सूनबाई म्हणाली, "हो आप्पा."

त्या संध्याकाळी मुलाने एक बेत काढला. तुम्ही पेला हातात घ्याल, मुलगा तुम्हाला खिडकीशी बोलावून बाहेर काहीतरी दाखवेल, तुम्ही पेला ठेवाल, आणि तेवढ्यात तो बदलून तिथे सोयाबीनचा ठेवायचा. रंग एकच. आम्ही तालीम घेतली. तुमचं काम मी केलं. तालीम हुबेहूब व्हावी म्हणून खरं दूध घ्या असा हट्टही माझाच. छाती पुढे काढून मी "कुठं गेल्या राणीसाहेब?" असं तुमच्या आवाजात ओरडलो; फौजदार खूश होऊन मांडीवर आल्या. मुलगा म्हणाला, "आप्पा, ते बघा!" मी बघितलं, आणि व्याहीबुवा, बाहेर खरोखरच ढग होते, पिंजलेल्या कापसाच्या ओळी असतात ना, तसे, मावळतीला कडा लाल झालेले. पेला खिडकीत ठेवून मी त्यांच्याविषयी थोडं सांगितलं. (थोडं म्हणजे किती, यावर घरात मतभेद आहेत.) मग पेला उचलला, वळलो, चार ओळी म्हटल्या. 'बघ'ला तोंड उघडलं.

"थांबा!" सूनबाई म्हणाली. नवऱ्याला विचारलं, "बदललास ना?"

"हो. म्हणजे काय!"

"अरे, मी पण बदलला!"

नात आ वासून बसली होती. माझ्यावर तिचा संपूर्ण विश्वास. मी तो पेला माझ्या ओठांना लावला. तुमचं दूध होतं. दाट, गोड, सकाळचं. चांगलंच लागलं, आणि पेला घाईने तिच्यापासून दूर ठेवताना निम्मं फरशीवर सांडलं. मुलाने गुपचूप फडकं आणलं. सूनबाईने पोरीला कडेवर घेतलं आणि तशीच स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडू लागली. म्हणाली, "मी त्याच दुधावर वाढले, बाबा. त्याच दुधावर शिकले. आप्पांना कुठल्या तोंडाने सांगू, की माझ्या मुलीला ते चालत नाही?"

तेव्हा मी म्हणालो, मी लिहितो.

तर मुद्दा असा, की सध्या दुधाचं प्रमाण थोडं कमी करावं, अशी नम्र सूचना. विहीणबाईंना नमस्कार, गोठ्यात सर्वांना यथायोग्य. बाही अजून सुटलेली नाही, म्हणून इथेच थांबतो.

तुमचा,
व्याही

ता. क. 'कमी करावं' असं वर लिहिलं आहे, 'बंद करावं' असं नव्हे. शिंपी आणि हेडक्लार्क समजूतदार आहेत, पण गाण्याच्या बाईंना काय सांगावं हे मला कळत नाही. शिवाय सोयाबीनचा चहा मी करून पाहिला. तो फुटला. मीही जवळजवळ.

ता. क. २. खरं सांगायचं ते राहिलंच. दूध सोडा. तुम्ही रविवारच्या आधी लेकीला एक फोन करा, आणि यंत्र बंद करून करा. ती 'हो आप्पा' म्हणेल. तिथे थांबू नका, पुढचं बोलू द्या. तिला भीती दुधाची नाही, तुमचा चेहरा उतरेल याची आहे. आणि रविवारी पेला तुमच्याच हातात देणार आहोत, सोयाबीनचा. चार ओळी तेवढ्या पाठ करून या, त्याशिवाय तोंड उघडत नाही. ती ओट्याला टेकून रडली हे मी लिहिलं आहे, हे तिला माहीत नाही. कृपया बोलू नये.

ता. क. ३. आता माहीत आहे. ती कामावरून आली तेव्हा मी पत्र पाकिटात घालत होतो, ते तिने मागून घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. मला वाटलं फाडणार. म्हणाली, "बाबा, आप्पा गाईंच्या चौकशीपुढे वाचणार नाहीत." मग माझंच पेन घेऊन तिने पाकिटावर, तुमच्या नावाखाली, ठळक अक्षरांत स्वतः लिहिलं: "आप्पा, बाळीला गाईचं दूध अजिबात चालत नाही. अ‍ॅलर्जी आहे. मला सांगायला भीती वाटत होती. रविवारी हात हलवत या, पण या. आणि बाबांचं दूध बंद करा, त्यांना जिना चढवत नाही." पाकीट उद्या सकाळी टेम्पोबरोबर येईल, म्हणजे तुमच्या आधी ते ड्रायव्हरने वाचलेलं असेल, आणि तुम्हाला ते न फोडताच सगळं कळलेलं असेल. तरीही तुम्ही फोडलंत आणि इथवर आलात, याबद्दल आभारी आहे. पाकिटावरचं शेवटचं वाक्य तिने घाईत लिहिलं आहे. ते धरू नये.